दुमड वर, दुमड खाली

"पाय दाखव म्हणते ना!" शिंपीणबाई म्हणाल्या, आणि सुनेने पाय शिवणयंत्राखाली आणखीच ओढून घेतला.

"चप्पल चावली हो, आई."

"घोट्याच्या वर चावते? मोठी उंच उडी मारणारी दिसते तुझी चप्पल!"

बाहेर गाव नुसते उसळले होते. शाळेच्या पटांगणात खांब रोवले जात होते, त्यांवर 'नारूमुक्त गाव' अशी पाटी चढायची होती. वर्षभरात कुणाच्याही अंगातून तो दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर पडला नव्हता. तळ्याचे पाणी गाळण्याचे फडके घरोघरी शिंपीणबाईंनीच शिवून दिले होते. नवऱ्याचा गुडघा नारूने कायमचा आखडला, तेव्हापासून त्यांनी तळ्याशी उभा दावा मांडला होता.

अखेर पाय बाहेर आला. टचटचीत फोड, आणि त्याच्या तोंडाशी पांढऱ्या दोऱ्याचे टोक.

"तळ्यात बुडवलास? याची पिल्लं पाण्यात सुटतात!"

"नाही, शपथ! आग असह्य झाली तेव्हा बादलीत बुडवला, आणि ते पाणी लांब कोरड्या मातीत ओतलं." सुनेने पाय पुन्हा आत ओढला. "आजचा दिवस गप्प राहा ना, आई. माझ्यापायी गावाची पाटी गेली, तर लोक पांढऱ्या पायाची म्हणतील."

"लोकांचं राहू दे. या घरात न गाळलेला घोट कुणी घेत नाही. मग हा आला कुठून?" शिंपीणबाईंनी घागरीच्या तोंडावरचे ओले फडके उचलले. "काठाच्या दुमडीची बाजू वर ठेवूनच गाळतेस ना?"

"वर?" सूनही शिंप्याचीच लेक होती. "दुमड कधी वर असते का? ती उलट बाजूला. मी खालीच ठेवते."

शिंपीणबाईंनी फडके एकदा उलट, एकदा सुलट करून पाहिले. सकाळचे पाणी त्या गाळत, संध्याकाळचे सून. सकाळी फडक्यावर अडकलेले, नारूची पिल्ले पोटात वाहणारे पाण्यातले बारीक किडे संध्याकाळी त्याच फडक्याच्या पाठीवरून थेट घागरीत धुतले जात होते. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या, फसत होती ती बिचारी घागर.

"मी सांगितलंच नाही तुला," त्या पुटपुटल्या.

"शिंप्याच्या घरात उलट-सुलट कोण विचारतं, आई?"

शिंपीणबाई फडके घेऊन तरातरा निघाल्या. पटांगणात पाटी दोरीने वर खेचली जात होती.

"थांबवा! पाटी चढवू नका!"

"का हो काकू, दोरी आखूड पडली?" कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

"माझ्या घरात नारू निघालाय."

हशा जागच्या जागी विरला. "फडकी शिवणारीच्याच घरात?" मागून खवचट आवाज आला. तो त्यांना झोंबला, पण त्यांनी फडके उंच धरले.

"तुमच्याकडे ही दुमड वर असते की खाली?"

"वर!" "खाली!" "आमची ही वर ठेवते, मी खाली!" "तुम्ही कधी पाणी गाळलंत हो?" एकच गिल्ला झाला. नवरे बायकांकडे, सासवा सुनांकडे बोटे दाखवू लागल्या. आणि मग एकेकाच्या लक्षात आले. माणसे आपापल्या पायांकडे पाहू लागली.

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "गाळता का, एवढंच विचारत आले मी घरोघर. कसं गाळता, ते पाहिलंच नाही."

"लाल ठिगळ लावू या!" गर्दीमागून आवाज आला. सासऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन सून उभी होती. एक जुना लंगडा, एक नवी लंगडी. "मधोमध, एकाच बाजूला. दुमड शिंप्याला कळते, लाल रंग सगळ्यांना कळतो. लाल ते आभाळाकडे!"

"लाल ते आभाळाकडे!" पोरांनी आरोळी ठोकली. बायका घरांकडे पळाल्या. पाटी खाली उतरली, शाळेच्या भिंतीला तोंड लावून उभी राहिली. वर्ष आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते.

दुपारी शिंपीणबाईंच्या दारात फडक्यांचा ढीग पडला. सुनेचा पाय तिवईवर होता. नर्सबाईंनी किड्याचे टोक काडीला गुंडाळून वर पट्टी बांधली होती. रोज थोडाच ओढायचा, घाई केली तर आत तुटतो. सुनेला यंत्राचा पायटा मारता येईना, म्हणून ती ठिगळे सरकवत होती आणि पायटा सासू मारत होती. यंत्र भरधाव सुटले होते.

"हळू, आई. धागा तुटेल."

"कुठला गं?"

दोघींची नजर एकदमच काडीकडे गेली. शिंपीणबाईंनी पाय हलका केला.