अर्धी मात्रा आधी

वहिनींनी वायरीचं टोक दातांत धरलं आणि एक हिसका देऊन वरचं प्लास्टिक सोलून काढलं.

"अगं, दात जातील!" दादा दारात चपला घालता घालता ओरडले.

"तीस वर्षं टेलिफोनच्या वायरी सोलल्यात. जायचे असते तर तेव्हाच गेले असते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कुठे निघालात?"

"मी? जरा पाय मोकळे करून येतो."

दादा म्हणजे वहिनींचे यजमान. आज ते मुद्दाम पळ काढत होते. दुपारी त्यांची धाकटी बहीण येणार होती, आणि बायको आणि बहीण यांच्यात एकतीस वर्षं चाललेल्या भांडणाचा आज निकाल लागणार होता. अशा वेळी आपण घरात नसावं, एवढं शहाणपण त्यांना लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आलं होतं.

भांडण एका अक्षराचं होतं. टेलिफोन ऑफिसातल्या बारा बायकांनी मिळून एक समूहगीत म्हटलं होतं आणि चक्क त्याची तबकडी निघाली होती. त्या बारांत वहिनी होत्या आणि त्यांच्या वन्संही होत्या. गाण्याच्या मध्ये बासरी, आणि बासरी संपली की सगळ्यांनी एकदम "उघडा" असं उचलायचं. अकरा जणी थांबल्या. बारावीला काही दम निघाला नाही. अर्धी मात्रा आधी एक एकटा "उ" मध्येच घुसला आणि कायमचा तबकडीवर बसला.

"ती वहिनी होती," वन्संनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. "हिला कशाचाच धीर धरवत नाही."

झालं! तो "उ" वहिनींना जो चिकटला तो चिकटलाच. बसस्टॉपवर त्या दहा मिनिटं आधी जाऊन उभ्या राहिल्या की दादा म्हणत, "उ!" भाचरं म्हणत, शेजारीण म्हणे. निवृत्तीच्या समारंभात खुद्द साहेबांनी भाषणाच्या शेवटी "उ" केलं आणि अख्खा हॉल खदाखदा हसला. वहिनीही हसल्या. घरी आल्यावर मात्र त्या दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. तो "उ" माझा नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते कोणाच्या कानातच शिरत नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात धूळ झटकताना त्यांना तबकडीच्या पाकिटावर कोपऱ्यातला बारीक शब्द दिसला. स्टिरिओ! इतकी वर्षं ती एका स्पीकरच्या जुन्या पेटीवर वाजली होती, बारा बायका एकाच भोकातून गात होत्या, कोण कुठली कळणार कसं? पाकिटावर फोटो होता. समोर दोन माइक, मागे बायकांची रांग. डाव्या टोकाला वहिनी, उजव्या टोकाला वन्सं. वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन स्पीकर लावायचे, आणि ज्या बाजूने "उ" येईल ती चोर.

आठवड्याभरात नवा प्लेअर, दोन स्पीकर आणि अँप्लिफायर घरात आला. चांगला जडशीळ होता. आता तो कपाटावर विराजमान झाला होता आणि वहिनी त्याच्या पाठीमागे डोकं घालून बसल्या होत्या. लाल वायर लाल खुंटीला, काळी काळीला. तांब्याची एक तार बाहेर डोकावत होती, ती त्यांनी बोटांनी पिळून आत घातली. मग शिवणाची टेप घेऊन दोन्ही स्पीकरांपासून खुर्चीचं अंतर मोजलं आणि खुर्ची चार बोटं मागे सरकवली.

बटण दाबलं. घूंऽऽऽ. नुसती घरघर.

"असं होय," वहिनी म्हणाल्या. प्लेअरमधून निघालेली एक बारकी वायर तशीच लोंबत होती. अर्थिंगच विसरल्या होत्या! स्वतःच्याच कपाळावर हात मारून त्यांनी ती अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली आवळली. घरघर गप्पकन थांबली.

सुई टेकवून त्या खुर्चीत येऊन बसल्या. गाणं सुरू झालं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. बायका समोर उभ्या होत्या! काही इकडे, काही तिकडे. बासरी आली, लांबत गेली, आणि—

"उ."

उजवीकडून.

वहिनींनी पुन्हा लावलं. उजवीकडून. बॅलन्सचं बटण सगळं डावीकडे फिरवलं, "उ" जवळजवळ नाहीसा. सगळं उजवीकडे फिरवलं, तर अगदी कानाशी येऊन म्हणाला. तरीही त्यांनी दोन्ही वायरी उपसून तपासल्या, कारण उद्या कोणी म्हणायला नको की हिने उलट्या जोडल्या. वायरी बरोबर होत्या.

"नव्हतेच मी! नव्हतेच!" एकसष्ट वर्षांच्या वहिनींनी रिकाम्या खोलीत एक गिरकी घेतली आणि फोन उचलला.

"वन्सं, निघा."

"चार म्हणाली होतीस ना?"

"तीनला या."

"उ!" फोनमधून वन्सं म्हणाल्या.

"म्हणा, म्हणा. शेवटचं म्हणून घ्या."

वन्सं तीनला आल्या. गुडघे धरत जिना चढल्या, मधल्या खुर्चीत बसल्या, चहाचा कप घेतला. "हं. लाव बाई तुझा पुरावा."

वहिनींनी सुई टेकवली आणि त्या हाताची घडी घालून समोर उभ्या राहिल्या. त्यांना वन्संचा चेहरा बघायचा होता. एकतीस वर्षांची भरपाई त्या चेहऱ्यावर होणार होती.

बासरी. "उ."

वन्संचा कप वाटेतच थांबला. त्यांनी उजवीकडे पाहिलं.

"परत लाव."

परत लावलं.

"ही... मी?"

"तुम्हीच. कबूल आहे ना?"

"अगं कबूल काय, हजारदा कबूल!" वन्सं ताडकन उठल्या, गुडघे विसरून. "किती कोवळा आवाज होता गं माझा! परत लाव, परत लाव. आपण त्या गाण्यात आहोत हे नुसतं सांगायचं, ऐकू कधी आलो का? बाराजणींत विरघळून गेलेलो. आणि ही बघ मी! एकटी! धडधडीत!"

त्यांनी लेकीला फोन लावला आणि तो उजव्या स्पीकरला चिकटवून धरला. "ऐकलंस? आता... ते! ती मी! तुझी आई!"

फोन ठेवून त्यांनी वहिनींचे दोन्ही हात धरले. "एकतीस वर्षं छळलं गं तुला. चुकलं माझं."

हेच तर वहिनींना हवं होतं. अगदी शब्दन् शब्द हवं होतं. आनंद झालाच होता, पण तो वन्संना झाला होता तेवढा काही होत नव्हता.

"आता मला ऐकू द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बॅलन्स डावीकडे फिरवला आणि खुर्ची ओढत डाव्या स्पीकरपाशी नेली. पहिल्या खेपेला डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या खेपेला स्वतःही बारीक आवाजात सोबत म्हणून पाहिलं. तिसऱ्या खेपेला कान जाळीला लावला.

वन्सं त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसल्या. "ही बघ, ही उंच लागलेली. तूच ही."

"छे. ती लांबुडकी, टपालखात्यातून आलेली."

"मग ही?"

"ती आपली सुपरवायझर. नाकातून गायची, नाही का? आणि ही तिची बहीण." वहिनी एकेक ओळखत गेल्या. गाणं संपलं, सुई आतल्या वर्तुळात टक्टक् करत राहिली. "सगळ्या सापडल्या. मीच नाही."

"तू नीट गायलीस ना, म्हणून."

"हो ना. फारच नीट गायले," वहिनी हसून म्हणाल्या आणि चौथ्यांदा सुई उचलायला त्यांनी हात पुढे केला. कान मात्र जाळीपासून हलला नाही. वन्संनी ते पाहिलं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. दादांनी आधी नुसतं डोकं आत घातलं.

"लागला निकाल? का अजून एक चक्कर मारून येऊ?"

"ये रे, ये," वन्सं म्हणाल्या.

"मग? कोण निघालं?"

वहिनींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी वन्संच बोलल्या.

"ही. हीच होती. मी म्हणत नव्हते तुला?" उठून त्यांनी बॅलन्स मध्यावर आणला आणि बासरीच्या जागी अंदाजाने सुई टेकवली. "पण नीट ऐक, दादा. हसू नकोस. एकटीचा आवाज आहे."

दादा खुर्चीत टेकले. बासरी वाजली, लांबली. "उ." त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा वहिनींकडे.

"अरेच्चा," ते म्हणाले. "गोड आहे गं. लग्नातला आवाज तुझा."

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्सं गार झालेला चहा ढवळत होत्या, फार मन लावून.

"अहो, मग काय करणार," वहिनी म्हणाल्या. "ती बासरी थांबायचं नावच घेईना. किती वेळ गप्प बसायचं माणसानं?"