कवचीवरचे ओरखडे

भाऊरावांचा डावा डोळा काढून बावीस वर्षं झाली. कारखान्यात लोखंडाची किरच घुसली होती. डॉक्टरांनी खोबणीत कायमचा गोळा बसवला आणि त्याच्यावर काढता-घालता येणारी, रंगवलेली कवची. “थांबा, यांचा डोळा धुऊन येते,” असं मी इतक्या सहज म्हणायची की नवी शेजारीण दचकायची.

महिनाभरापासून तिथून चिकट पाणी येत होतं. आज राइट टाउनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कवची काढली, खोबणीत उजेड धरला.

“ऊपर की चमड़ी घिस गई है. गोला दिख रहा है.”

राईएवढं भोक होतं म्हणे. भाऊरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. गोळा गेला तर खोबण खचणार, चेहरा त्या बाजूनं बसणार, हे आम्हाला माहीत होतं.

“शेल साफ कैसे करते हैं?”

“पानी से,” भाऊराव म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

“फिर वजह अंदर होगी. इन्फेक्शन. तब तो गोला निकालना ही ठीक रहेगा.”

कवचीला दरवर्षी पॉलिश करायचं असतं. कारागीर नागपूरला. चार वर्षं गेलो, मग मीच हुशार झाले. दर शुक्रवारी पितळी देव घासताना दंतमंजन लावून कवचीही घासायची. लख्ख निघायची.

“मॅडम, पाण्यानं नाही,” मी म्हणाले. “मी मंजन से घिसती हूँ. अठारह साल से.”

“तू काहून बोलून राहिली?” भाऊराव पुटपुटले.

“गोळा काढू देऊ काय मग, माझ्यापायी?”

बाईंनी कवची दिव्याखाली फिरवली. ओरखडेच ओरखडे. मग पुन्हा खोबण तपासली, कडेनं दाबून बघितलं. मी त्यांच्या हातमोज्याच्या बोटाकडे बघत राहिले.

“पस नहीं है,” त्या शेवटी म्हणाल्या. “घिसने से हुआ है. होंठ के अंदर की चमड़ी का पैबंद लगाएँगे. गोला शायद बच जाए. यह शेल अब नहीं पहनना.”

शायद. ठिगळ धरलं की नाही, ते महिन्याभरानं कळणार होतं.

नर्स पट्टी घेऊन आली. भाऊरावांनी तोंड माझ्याकडे केलं.

“तू लाव.”

“अजून माझाच हात पाहिजे तुम्हाले?”

“दुसऱ्याची सवय कुठं आहे या डोळ्याले? हळू लाव.”