छताला फुटलेला पाझर

सकाळी नऊच्या आत आमच्या बुटांच्या कारखान्याच्या गोदामात शे-दीडशे माणसं माना वर करून उभी असायची, आणि त्यातलं एकही माणूस कामावर आलेलं नसायचं. हातात वाट्या, बाटल्या. एकीच्या हातात तर बाळाची दुधाची बाटली. सगळ्यांचे डोळे छताखालून जाणाऱ्या लाल नळावर. खाली भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ओलेबाबा बसलेले.

"वर बघू नका, आत बघा!" बाबा गरजायचे. सगळे वरच बघायचे.

"छतालाही काळीज असतं! ते भरून येतंय... येतंय..." असं म्हणत बाबा हात उंच करायचे आणि दहा मोजायच्या आत नळाच्या सांध्यातून टप् टप् पाणी गळायला लागायचं. पाण्याला जरा काळपट झाक असायची. ते पाप उतरतंय, असं बाबांचं म्हणणं. कुणाचं, ते विचारायची सोय नव्हती. दिवसातून दहा-बारा वेळा हा प्रकार व्हायचा आणि बाबांचा हात एकदाही चुकला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी हेच बाबा आमच्याकडे नळांना लाल रंग द्यायला आले होते. तेव्हा आम्ही त्यांना "ए पेंटर" म्हणायचो.

मी या गोदामाचा कारकून. तो नळ आगीसाठीचा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला ठरावीक अंतरावर स्प्रिंकलर बसवलेले असतात. प्रत्येकात करंगळीएवढी काचेची कुपी. खाली आग पेटली की तापून फुटते आणि पाणी कोसळतं. आमच्याकडे त्याची गरजही होती, कारण बुटांचे तळवे चिकटवायला गोंद आणि थिनर लागतं, आणि थिनरला पेटायला ठिणगी पुरते. परवाना दहा पिंपांचा होता. मालकांनी आणली होती सव्वीस. गर्दीला जागा हवी म्हणून ती सगळी पिंपं पॅकिंग विभागाच्या जिन्याच्या दाराला लावून ठेवली होती, आणि पिंपांसमोर भक्तमंडळी मेणबत्त्या लावत होती. खाली उतरायला तो एकच जिना; सध्या ये-जा मालाच्या लिफ्टने चालायची, पण आगीत लिफ्ट कामाची नाही. वर चाळीस बायका. त्यांतली एक माझी थोरली बहीण.

"ताई, वरून उतरायचं दार बंद झालंय. समोर थिनर आणि त्याच्यासमोर मेणबत्त्या. कळतंय का तुला?"

"बाबांच्या डोळ्यांदेखत आग लागेल का रे?"

"आग काय डोळे बघून लागते?"

"तू लहानपणापासूनच आगाऊ. माझा गुडघा बघ, पंधरा दिवसांत वळायला लागला."

"डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या आहेतच. पण गुण या पाण्याचा."

मी कपाळाला हात लावला. पण बहिणीसमोर एवढा शहाणपणा करणाऱ्या मी मालकांसमोर मात्र शेपूट घातलं होतं. परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना होता: बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय? मालक म्हणाले, "लिहून टाक होय." मी लिहून टाकलं. माझ्याच वळणदार अक्षरात.

गुरुवारी परवान्याच्या तपासणीला अग्निशमन खात्याच्या बाई आल्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात मोजपट्टी. मालक हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्याकडे साक्षात चमत्कार..."

"सांधा गळतोय," बाई वर बघून म्हणाल्या. "बदलल्याशिवाय परवाना नाही."

गर्दी खवळली. "हात तर लावून बघा!"

"नाही लावत," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी मोजपट्टी उलगडली. "या भिंतीपलीकडे काय आहे?"

"आगीच्या पाण्याचा पंप," मी म्हणालो.

"पंपाच्या खोलीभोवती एक मीटर जागा मोकळी हवी. बाबा, उठा."

"हे आसन हलत नसतं!"

"आसन राहू द्या. तुम्ही हला."

नियमापुढे बाबांचा नाइलाज झाला. गोदामाच्या मधोमध खुर्ची टाकून त्यांना बसवलं. भिंतीचा आधार गेल्यामुळे ते जरा अवघडलेलेच दिसत होते. त्यांनी डोळे मिटले, हात उंच केला. मी दहा मोजले. मग शंभर. मग दोनशे. छताचं काळीज काही भरून येईना.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे," बाबा म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

हात भरून आला तसा बाबांनी तो खाली घेतला, घाम पुसला आणि प्यायला पाणी मागवलं. अर्थात, माठातलं. पेला ओठाला लागतो न लागतो तोच टप्, टप्, टप्!

"बाबा, हात!" ताई किंचाळली.

बाबांनी घाईघाईने हात वर केला, तो पेल्यासकट. सगळं पाणी डोक्यावर. त्या दिवशी प्रथमच बाबा खऱ्या अर्थाने ओले झाले.

गळणं थांबल्यावर बाई ताईला म्हणाल्या, "तुमचा आवाज खणखणीत आहे. इकडे या. भिंतीला पाठ लावा." आणि त्या पंपाच्या खोलीत गेल्या.

"अगं बाई! पाठीत गुरगुरतंय!" ताई ओरडली. पाठोपाठ वरून टप् टप् सुरू. बाईंनी आतून पंप बंद केला, गुरगुर थांबली, जरा वेळाने गळणंही. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच.

"नळातला दाब उतरला की हा छोटा पंप आपोआप चालू होतो," बाहेर येत बाई म्हणाल्या. "दाब चढला की कुजलेल्या वायसरातून पाणी गळतं. हे साहेब रंगकाम करताना जेवायला या भिंतीला टेकून बसत असणार. पाठीला कळलं, की हात वर."

मग त्यांनी नळाच्या शेवटाची चावी सोडली. बादलीत काळंकुट्ट पाणी पडलं आणि मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. "सात वर्षं साचलेलं आहे. आग विझवायला उत्तम. प्यायला नाही." दुधाच्या बाटलीवालीने बाटली तिथेच उपडी केली आणि रडायला लागली. बाबा बाहेर पडले. त्यांना अडवायचंही कुणाला सुचलं नाही.

ताई बादलीकडे बघत उभी होती. मग तिने पिंपांकडे बघितलं. "बाई, आग लागली असती तर आम्ही कुठून उतरलो असतो?"

बाईंनी अर्ज काढला. "इथे लिहिलंय, वाट मोकळी आहे. कुणी लिहिलं हे?"

"मी," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे बघितलं. "मला अक्कल शिकवत होतास. आणि कागदावर हे?"

बाबांनी छताला पाझर फोडला. मी शाईच्या एका शब्दाने बंद दार उघडलं. त्यांचा चमत्कार पोटं बिघडवणारा होता. माझ्या चमत्काराने चाळीस बायका जळाल्या असत्या.

परवाना त्या दिवशी अडला. जादा सोळा पिंपं कारखान्याबाहेर गेली, उरलेली दहा दारापासून हलली, सांधा बदलला, मेणबत्त्या ताईने स्वतः विझवल्या. आता दर महिन्याला ती घंटा वाजवून वरच्या सगळ्याजणींना जिन्याने खाली उतरवते आणि मला घड्याळ धरून दारात उभं करते.

तेव्हा, नळ गळत असेल तर वाटी नेऊ नका, फिटरला बोलवा. कुणी हात वर केला तर त्याची पाठ कशाला टेकली आहे ते बघा. आणि वाट मोकळी आहे असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर दार एकदा ढकलून बघा. अक्षर कितीही वळणदार असलं तरी.