दिसू नये असं दार

झकेरिया सापडले ते उरणच्या एसटीत. पनवेल स्टँडवरून गाडी सुटायच्या बेतात होती आणि खिडकीशी ताठ बसून ते कंडक्टरला बजावत होते, "लवकर चला हो, माझं जहाज निघेल." उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, रिटायर होऊनही जमाना झाला होता. त्यांची बायको ताहिरा शोधत तिथं पोचली आणि तिनं त्यांना धरून खाली उतरवलं.

घडलं होतं एवढंच, की बाथरूमचं समजून त्यांनी घराचं दार उघडलं. दोन्ही दारं हॉलच्या एकाच भिंतीला, दोन्ही चॉकलेटी.

त्या दिवसापासून ताहिराच्या जिवाला थारा राहिला नाही. दाराला कुलूप लावलं, तर आत कोंडल्यागत ते दार बडवत ओरडायला लागले. शेवटी डॉक्टरांनी वाट सुचवली. "बाहेरचं दार भिंतीच्याच रंगात रंगवून टाका. त्यांना ते दार म्हणून दिसणारच नाही. बाथरूमचं मात्र उठून दिसू दे."

"मग सगळं क्रीमच मारू की, अम्मी," मुलगा इमाद म्हणाला.

"क्रीमवर पांढरं दार दिसेल का त्यांना? भिंत निळी, बाहेरचं दार निळं आणि बाथरूमचं पांढरंशुभ्र."

शेडकार्डावरचा सगळ्यात गडद निळा तिनंच निवडला. दाराच्या फटी, कडी, बिजागऱ्या त्यात गडप होतील, असा तिचा हिशोब. दयाराम पेंटरनं दोन हात मारले, वर चकाकी दिली. दार खरोखरच नाहीसं झालं.

दुपारची झोप काढून झकेरिया हॉलमध्ये आले आणि जागीच थिजले. ट्यूबलाइटचा उजेड ओल्या भिंतीवर पाण्यावर चमकावा तसा चमकत होता.

"ताहिरा, मागे हो!" त्यांनी तिचं मनगट इतक्या जोरात ओढलं की बांगड्या फुटल्या. "कठडा नाही इथं! पाणी आहे!"

"अहो, भिंत आहे ती. रंग दिलाय."

"फहाद इथूनच गेला." सोफ्याचा पाय दोन्ही हातांनी धरून ते खाली बसले. "हात दिला होता मी. सुटला माझ्याकडून."

फहाद त्यांचा जहाजावरचा जिवलग दोस्त. नोकरी सोडून तो गावी गेला, असंच त्यांनी तिला सांगितलं होतं. एवढी वर्षं हा माणूस हे उराशी घेऊन तिच्या शेजारी झोपत होता, आणि तिनं स्वतःच्या हातानं तो समुद्र त्याच्या हॉलमध्ये आणून उभा केला होता. तिनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी त्या भिंतीवर टांगल्या. पण त्या वाऱ्यानं हलल्या तरी ते दचकत.

मग भिंतीला फिकट आकाशी रंग देऊन झाला. त्यात दाराची प्रत्येक रेघ उमटली, आणि झकेरिया सरळ जाऊन कडीशी खटपट करायला लागले. ताहिरा धावली. अजून थोडा उशीर झाला असता तर, हा विचार तिनं पुरता केलाच नाही.

आता मधला निळा हवा होता. पण मधला म्हणजे नेमका कुठला? चुकला तर एक तर ते घाबरणार, नाहीतर निघून जाणार. तिनं दयारामकडून वेगवेगळे मधले निळे पुठ्ठ्यांवर मारून घेतले, अजिबात चकाकी नसलेले. एकेक पुठ्ठा भिंतीला टेकवायचा आणि झकेरियांच्या चेहऱ्याकडे श्वास रोखून बघायचं. एकाला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, दुसऱ्यापुढे पाऊल अडखळलं. एकाजवळून मात्र ते तिकडे न बघताच निघून गेले.

"हाच," ताहिरा म्हणाली. "याच्याकडे ते बघतच नाहीत."

कडी आणि बिजागऱ्याही त्याच रंगात बुडाल्या. पायपुसणं उचललं, दारावरची चकाकती कुराणाची आयत समोरच्या भिंतीवर गेली. पडदे तिनं त्याच निळ्याच्या जवळपासचे, बिनफुलांचे शिवून घेतले. झकेरिया उठले की पांढऱ्या दाराकडे चालू लागत. निळ्या भिंतीवरून एकदा हात फिरवत, वळत, परत येत. ताहिराला पुन्हा झोप लागू लागली, पण त्या हात फिरवण्याकडे तिला बघवत नसे.

एका संध्याकाळी ते हॉलच्या मधोमध उभे राहिले. चारी भिंतींवरून नजर फिरवून त्यांनी हळूच विचारलं, "इथं बाहेरचं दारच नाही. मग मी आत आलो कसा?"

ताहिराला खोटं बोलवेना, खरं सांगवेना.

"मी आणलं तुम्हाला," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिची ओळख होती की नव्हती, तिला सांगता आलं नसतं.

"तू आणलंस?" ते म्हणाले. "मग ठीक आहे."

तिनं त्यांच्या पायात चपला सरकवल्या, हात घट्ट धरला आणि दार उघडलं. दोघं वडाळे तळ्यापर्यंत जाऊन आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्यांना बाहेर नेते. घराबाहेर पाऊल टाकताना झकेरिया दर वेळी दचकतात, आणि दर वेळी तिचा हात आणखी घट्ट होतो.