बानाबाईच्या चढावर पिकअप का मरायची

भर दुपारी फुलंब्रीपलीकडच्या धनगरवस्तीवर कढईत तेल तापत होतं. ते वड्यांसाठी नव्हतं. त्यात बानाबाईचा हात जायचा होता.

शे-सव्वाशे माणसं चढाच्या दोन्ही अंगांना दाटली होती. मधोमध त्रिंबकची जुनी पिकअप, मागं पंधरा मेंढरं. महिन्यात चौथ्यांदा ती याच चढावर, बानाबाईच्या दारासमोर गचके खाऊन बंद पडली होती. बानाबाई त्रिंबकची विधवा चुलती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. आज तो तिच्या तोंडाकडं बघत नव्हता, स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

"सपाटीला पळती, उताराला पळती," देवऋषी पुंजाराम महाराज गर्जले, "मग हिच्याच दारात का मरती? चाक धरून बसलीय ही! करणी हाये, करणी!"

"व्हय महाराज!"

"तेलातलं तांब्याचं कडं काढंल ही. हात भाजला तर चेटकीण. आजच्या आज वस्तीबाहेर."

"आन नाय भाजला तर?" कुणीतरी विचारलं.

"तर लई मोठी चेटकीण!"

लोकांनी माना डोलावल्या. अशा गर्दीत मान डोक्याला विचारून हलत नाही. याच बाईनं दसऱ्याला महाराजांना मेंढा नाकारला होता, हे कुणाला आठवलं नाही.

पण कढईची पाळी यायच्या आधी चमत्कार झाला. महाराजांनी सगळ्यांना गाडीकडं पाठ करून अर्धा तास बसवलं, बॉनेट उघडून आत काळा दोरा बांधला, मोठ्यानं मंत्र म्हटले आणि हुकूम सोडला, "त्रिंबक, मार सेल!" गाडी धडधडली. भंडारा उधळला. त्रिंबकच्या अंगावर काटा आला. म्हणजे खरंच काकूनं...?

"महाराज," मागून आवाज आला, "मंतर म्हणताना मधीच फच-फच काय वाजत होतं?"

हा बद्रीनाथ, त्रिंबकचा शाळेतला दोस्त. शहरात, पुंडलिकनगरात, त्याचं गॅरेज. सकाळी त्रिंबकनं त्याला चोरून फोन केला होता आणि लगेच पस्तावलाही होता.

"मिस्तरी, करणीला पाना चालत नसतो," महाराज हसले.

"नका चालू देऊ. मला डिझेल बघू द्या."

बद्रीनाथनं फिल्टरपुढच्या नळीत दाब मोजायचं गेज जोडलं. "त्रिंबक, रेस दे." गाडी उभ्या जागी गुरगुरली, काटा वर होता. रेस वाढली तसा काटा थरथरत खाली आला, शून्याकडं सरकला, आणि इंजिन मेलं.

"पोटात दमच नाय हिच्या. डिझेल पोचत नाय."

मग त्यानं टाकीची नळी काढली, सोबत आणलेला स्वच्छ डिझेलचा कॅन पुढच्या सीटजवळ बांधला आणि त्याची नळी पंपाला जोडली. "काकू, जरा म्होरं या. अश्या उभ्या ऱ्हावा. गाडीकडं टक लावून बघा. डोळं मोठ्ठं करा!"

बानाबाईनं डोळे वटारले. त्रिंबकनं गेअर टाकला. पिकअप खालून निघाली, बानाबाईच्या दारावरून मेंढरांसकट वर चढली. वळवून पुन्हा चढवली. तिसऱ्यांदाही चढली. मग बद्रीनाथनं टाकीची नळी जोडली. आता काकूला पाठ करून उभं केलं. गाडी अर्ध्या चढात गचकली.

"बघितलं का? नजर असताना चढती, नसताना मरती. पंप धड हाये, फिल्टर धड हाये. घाण टाकीत हाये."

टाकीतली जाळी बाहेर आली. तिच्यावर पिवळा, दाट लगदा. त्रिंबकनं बोट लावून हुंगलं. हळद! भंडारा!

दर रविवारी, महाराजांच्या सांगण्यावरून, मूठभर भंडारा तो स्वतःच्या हातानं टाकीत सोडत होता. गाडीला देवाचं पाठबळ म्हणून!

"चढाला इंजिन जास्त डिझेल ओढतं, लगदा जाळीला चिकटतो," बद्रीनाथ म्हणाला. "अर्धा तास बंद ठेवली की ओढ थांबती, लगदा तळाला बसतो. आन मंतर हा असा." तो बॉनेटमध्ये वाकला आणि पंपावरची हातानं डिझेल भरायची बोंडी दाबू लागला. "ॐ कांदा फच! ॐ भेंडी फच! ॐ वांगं फच! मार सेल!"

गाडी सुरू झाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"महाराज, आधी कुठल्या ट्रकवर क्लीनर होता?" बद्रीनाथनं विचारलं.

महाराजांनी माळ गुंडाळली. म्हणाले, नास्तिकांच्या सावलीत देव थांबत नाही. देवाआधी तेच निघाले.

पण गर्दी हलली नाही. वस्तीचा म्हातारा कारभारी काठी टेकून पुढं आला. "गाडीचं समजलं. पण हिच्याच दारात का?"

"कारण चढ हिच्या दारात हाये," त्रिंबक ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "आन सपाटीची जमीन भावकीनं वाटून घेऊन हिला ह्या दगडाच्या चढावर कुणी बसवलं? आपणच ना?"

बानाबाईनं फडकं घेतलं, कढई खाली उतरवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बद्री, गाडीतला बिघाड तुला सापडला नसता, तर?"

बद्रीनाथनं हातातला पाना खाली ठेवला. त्रिंबकनं पहिल्यांदाच मान वर करून काकूच्या तोंडाकडं बघितलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं आहे का? प्रत्येक वस्तीला गेजवाला दोस्त वेळेवर मिळत नाही. तेव्हा यंत्र अडलं, माणूस आजारला, विहीर आटली, तर कारण शोधा. हजार वेळा शोधा. नाहीच सापडलं, तर सरळ म्हणा, "मला ठाऊक नाय." एवढं म्हटल्यानं कुणाचा हात भाजत नाही.