पॅडलोच्या नामवंतांतलं विसावं पान

विल्फ्रेड ॲस्कम पॅडलो गावाचा इतिहास लिहीत होता, कारण ते काम दुसरं कोणी अंगावर घ्यायला तयार नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी तो इथे राहायला आला, म्हणजे गावाच्या लेखी कालपरवाच. जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्याने चर्चच्या जुन्या वह्या उपसल्या आणि एकोणीस नामवंत शोधून काढले. पतंगांच्या चारशे जाती टिपून ठेवणारा पाद्री, मोडलेली हाडं बसवणारी गवळण, असे.

विसावं पान त्याने स्वतःवर लिहिलं. आधी 'थोर संशोधक' लिहिलं, मग 'थोर' खोडलं, आणि आपल्या विनयाचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

मजकूर तपासायला त्याने हेस्टर प्लमरिजबाईंकडे नेला. बाई त्र्याऐंशीच्या, जन्म गावातलाच. त्यांनी चहा ओतला, चष्मा लावला आणि शेवटच्या पानाशी थांबल्या.

"विल्फ्रेड, हे पान काढावं लागेल."

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"नियम तूच घातलायस ना पहिल्या पानावर? नामवंत एकतर इथे जन्मलेला हवा, नाहीतर इथे पुरलेला. जन्मलास तू लीड्सला." बाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. "पुरून घ्यायची घाई असेल तर सांग, पाद्रीबुवांशी बोलते."

विल्फ्रेडला ठसका लागला. तो नियम कशासाठी घातला होता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टेकाडावर कथबर्ट वेनिंग राहायचा. तीस वर्षं रेडिओवर गायलेला, पण उपरा. त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात विल्फ्रेड स्वतःच पडला होता.

"नियम बदलला तर, हेस्टरबाई?"

"मग वेनिंगही येईल. त्याला सगळं इंग्लंड ओळखतं. तुला पोस्टमन ओळखतो, तोही तुझ्या कुत्र्यामुळे."

घरी येऊन त्याने आपलं पान पुन्हा वाचलं. विशेषणं काढून टाकली. उरल्या दोन ओळी, त्यातल्या एकीत पत्ता. मग मात्र तो एकटाच बराच वेळ हसत बसला. नियम खोडला, पान शेगडीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाड चढला. मनाचा मोठेपणा म्हणावा तर तसंही नव्हतं. दोन ओळींचं पान छापायची लाज वाटत होती.

वेनिंग बागेत कांद्याची पात उपटत होता. ऐकून त्याचे कान लाल झाले.

"मी? पुस्तकात? अहो, गावात मला कोणी मोजत असेल असं वाटलंच नव्हतं. तुमच्याशी बोलायलाही मी बिचकायचो. तुम्ही पडलात इथले जुने."

विल्फ्रेडने त्याची चूक दुरुस्त केली नाही. पालथ्या बादलीवर बसला, वही उघडली आणि विचारलं, "तुमचा जन्म कुठला?"

ऑगस्टच्या जत्रेत पुस्तिका निघाली. वेनिंगचं पान लोकांनी उभ्या उभ्या वाचलं. लेखकाचं नाव शेवटी, बारीक टायपात होतं. छापखान्याने ते 'ॲस्कन' असं छापलं होतं.