कापसात लपवलेला निळा स्फटिक

मी स्फटिक बोलतोय. खसखशीच्या दाण्याएवढा आहे, तेव्हा जरा वाकून ऐका. अंगानं लहान, पण रंगानं असा निळा की मोरानंही मान वळवून पाहावं!

माझं कूळ डबक्यातलं. तिथल्या उजेडावर जगणाऱ्या जीवाणूंच्या पोटात आम्ही प्रथिनं राबतो. आमच्या प्रत्येकाजवळ तांब्याचा एक अणू. एकाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा, स्वतःकडे काही ठेवायचं नाही. माझी निळाई त्या तांब्याचीच.

यवतमाळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सोनूनं आम्हा असंख्य भावंडांना खारट पाण्यात हळूहळू रांगेत बसवलं, आणि माझा जन्म झाला. भारनियमनात फ्रीज बंद पडून बाकीचे स्फटिक विरघळले, मी एकटा टिकलो. आमच्यात तांब्याला कोणी कसं धरलंय, हे क्ष-किरणांनी बघायला ती मला मुंबईला नेणार होती. तिची सगळी मेहनत आता माझ्या जिवावर!

निघायच्या दिवशी तिनं मला निळ्या पाण्यासकट कुपीत घालून बंजारा तांड्यावरच्या घरी आणलं, माठाखालच्या ओल्या रेतीत रोवलं आणि ती बसची चौकशी करायला गेली. वैशाखाचं ऊन. तापलो की मी संपलो.

थोड्या वेळानं तिची आई लालीबाई पाणी घ्यायला आली. मला पाहताच तिचा हात थांबला. फवारणीचं मोरचूद असंच निळं असतं. कापसाच्या कर्जापायी घरोघरी माणसं गेलेली ती वर्षं. शेजारचे आक्रोश ऐकून ऐकून इथल्या आयांना सवयच लागली होती: औषधाची बाटली दिसली की आधी लपवायची, मग बोलायचं. भाव चढेल म्हणून घरात कापूस रचलेला होता. त्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं मला खुपसलं आणि ढिगाला पाठ लावून बसली.

भर दुपारी सोनू घाईघाईनं परतली.

“याडी, माही कुपी कुठी हाय?”

“कोनती?”

“निळी! बस सुटून जाईन ना माही!”

“कायले आनलं व ते जहर घरात? काय झालं तुले? मले सांग.”

सोनूला हसू फुटलं. मग आई ढिगाला पाठ रेटून बसलेली दिसली, आणि ती तिथंच कापसात बसली.

“याडी, जहर नोहे ते. शिकायचं काम हाय माहं. मुंबईले जाऊन राह्यली, चार दिवसांत वापस येतो.”

लालीबाईनं मला बाहेर काढलं. तोवर पाण्याचा टँकर आलाच नव्हता. माठ कोरडा, खालची रेती तव्यासारखी तापलेली. मी मात्र झळ न पोचणाऱ्या कापसात थंडगार! आईच्या गैरसमजानं माझा जीव वाचला.

मुंबईला किरणांच्या माऱ्यात माझ्या तांब्याला इलेक्ट्रॉन मिळाला, पण पुढे द्यायला कोणी नव्हतं. इलेक्ट्रॉन धरून बसलेलं तांबं निळं राहत नाही; निळाई उडाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

सोनूनं माझ्या आतलं चित्र आईला दाखवलं: मधे तांब्याचा अणू, आणि त्याला धरून ठेवणारे चार हात. लालीबाईनं बोट टेकवून ते चार हात मोजले.

“चौघांनी धरलं म्हनून राह्यलं बापडं,” ती म्हणाली.

माझं काम झालंय, आता तापलो तरी चालतं; मी तिच्या फडताळात असतो, पाण्यासारखा फिका. मला कोणी लपवत नाही. पण तुमच्या घरी निळी बाटली दिसली तर लाजू नका. खुशाल लपवा, मग जवळ बसून विचारा. फार तर माझ्यासारखा एखादा स्फटिक निघेल, आणि सगळे पोटभर हसाल.